टोचणारे स्पीकर, ट्रेबलचा नॉब आणि इक्वलायझर : वाचकांचे प्रश्न

स्टिरिओविषयी आलेल्या पत्रांत या वेळी एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आहे : आवाज स्वच्छ आहे, पण कानाला लागतो. त्यातले निवडक प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

प्रश्न : हॉल १२ बाय १५ फुटांचा, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा) आणि ॲल्युमिनियमचा ट्वीटर (वरच्या सुरांचा) असलेले बुकशेल्फ स्पीकर घेतले. पेटी आणि गायिकांचा वरच्या सप्तकातला आवाज टोचतो. ट्रेबलचा नॉब बराच मागे आणला, तर तानपुरा मेला आणि टोचणं मात्र तसंच राहिलं. धातूचा ट्वीटर घेतला हीच चूक झाली का? (सांगली)

उत्तर : ट्वीटरला दोष देण्याआधी नॉबकडे बघा. बहुतेक अँप्लिफायरमधले टोन कंट्रोल पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ साली मांडलेल्या सर्किटवर बेतलेले असतात. त्यात ट्रेबल कमी केला की कपात १ किलोहर्ट्झच्या पुढे हळूहळू सुरू होते आणि १० किलोहर्ट्झच्या आसपास पुरती लागू होते. वर ६ डेसिबल गेले तरी ३ किलोहर्ट्झला जेमतेम दोन-अडीच डेसिबल जातात. तुमची तक्रार पेटीची आणि वरच्या स्वरांची, म्हणजे २ ते ४ किलोहर्ट्झमधली आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि तिचा स्वतःचा नाद ३ किलोहर्ट्झच्या जरा वर पडतो, त्यामुळे माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. नॉबने तुम्ही तानपुऱ्याच्या जवारीची झिलई काढून टाकली आणि दुखणारी जागा तशीच सोडली.

अशा टोचणाऱ्या आवाजाला ‘ब्राइट’ म्हणतात, पण या एका शब्दाखाली तीन-चार निरनिराळी दुखणी असतात. १ ते २ किलोहर्ट्झ जास्त असेल तर आवाज नाकातला, पत्र्याच्या कर्ण्यातून आल्यासारखा वाटतो. २ ते ४ जास्त असेल तर पेटी, सनई आणि तार सप्तकातला गळा अंगावर येतो. ५ ते ८ मध्ये ‘स’, ‘श’, ‘च’ शिट्टीसारखे फुटतात. त्याच्या वर झांज, घुंगरू आणि तबल्याच्या चाटेवरच्या ‘ना’ची धार असते. कुठला पट्टा दुखतोय हे कळल्याशिवाय इक्वलायझरला हात लावण्यात अर्थ नाही.

तो शोधायला पॅरामेट्रिक इक्वलायझर लागतो, म्हणजे ज्यात फ्रिक्वेन्सी, डेसिबल आणि क्यू (कपातीची रुंदी; आकडा जितका लहान तितकी कपात रुंद) असे तिन्ही आकडे आपण ठरवू शकतो. विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ फुकट मिळतो. ‘पीस’ हे त्याचं दर्शनी रूप बसवलं की सगळं माउसने करता येतं. हल्लीच्या बऱ्याच नेटवर्क स्ट्रीमरमध्येही ही सोय आतच असते. एक फिल्टर घ्या : क्यू २, उणे ६ डेसिबल. नेहमीच्या ऐकण्यातलं, ज्यात पेटी आणि गळा दोन्ही आहेत असं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि फिल्टर १ किलोहर्ट्झपासून १० पर्यंत सावकाश सरकवा. ज्या जागी कपाळावरची आठी जाते ती जागा लिहून ठेवा. बरेच जण याच्या उलट करतात, म्हणजे ६ डेसिबल वाढवून सर्वांत वाईट जागा हुडकतात. आम्हाला ती पद्धत पसंत नाही. वाढवलेला कुठलाही पट्टा वाईटच लागतो, कान लवकर शिणतात आणि ट्वीटरवर विनाकारण ताण येतो.

जागा सापडली की फिल्टर रुंद आणि उथळ करा. समजा ३.२ किलोहर्ट्झला आराम मिळाला, तर तिथे क्यू १ आणि उणे २.५ डेसिबल ठेवा. एवढ्यानेही ‘स’ खुपत असेल तर ६ किलोहर्ट्झपासून वर हाय शेल्फ (त्या आकड्याच्या वरचं सगळं सारखं हलवणारा फिल्टर) लावून दीड डेसिबल काढा. इथे थांबा. कपात चार-पाच डेसिबलच्या पुढे न्यावीशी वाटली तर दुखणं इक्वलायझरच्या हातातलं नाही. खोली, मांडणी किंवा स्पीकरची घडण यांत ते शोधावं लागेल.

तुलना करताना एक पथ्य पाळा. ३ किलोहर्ट्झला कपात केली की एकूण आवाज थोडा लहान होतो, आणि लहान आवाज नेहमीच निस्तेज वाटतो. फिल्टर चालू आणि बंद करून बघताना व्हॉल्यूम तेवढाच भरेल असा जुळवून घ्या, नाहीतर प्रत्येक वेळी ‘बंद’च जिंकेल. कसोटीला तानपुऱ्यासारखं दुसरं काही नाही. खर्ज भरलेला हवा, जोडाच्या तारांवर जवारीचा उलगडत जाणारा झणकार ऐकू यायला हवा, आणि पेटी पुढे येऊन बसायला नको. झणकार गेला तर वरची कपात जास्त झाली आहे.

आता धातूचं. ट्वीटरच्या २५ मिलिमीटर ॲल्युमिनियम घुमटाचा मुख्य अनुनाद साधारण २० किलोहर्ट्झच्या वर असतो, तिथे आपल्याला काही ऐकूच येत नाही. तुमचं टोचणं ३ किलोहर्ट्झचं असेल तर घुमट कापडी घेतला असता तरी कदाचित तेच झालं असतं.

प्रश्न : इक्वलायझरऐवजी पडदे आणि गालिचा टाकून काम होणार नाही का? आम्ही पातळ पडदे लावले, सतरंजी अंथरली. आवाज थोडा मंद झाला पण कर्कशपणा आहेच. (डोंबिवली)

उत्तर : होईल, पण जाडीचा हिशेब लागतो. पातळ पडदा आणि सतरंजी फक्त अगदी वरच्या लहरी शोषतात. २-३ किलोहर्ट्झच्या लहरी त्यातून आरपार जाऊन काचेवर, फरशीवर आपटून परत येतात. म्हणजे ट्रेबलच्या नॉबने जे होतं तेच इथेही झालं. जाड, वजनदार कापड दुप्पट चुण्या घालून आणि काचेपासून १५ सेंटीमीटर पुढे टांगलं तर शोषण साधारण ६०० हर्ट्झपासून वर उपयोगी पडायला लागतं. सतरंजीखाली जाड फेल्ट घाला, आणि ती स्पीकर व तुमची बैठक यांच्या मधल्या फरशीवर हवी, सोफ्याखाली नको.

बैठकीच्या जागी बसून एक जोरदार टाळी वाजवा. मागे ‘झिर्रर’ असा धातूसारखा शेपूट ऐकू आला तर समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. हा दोष वेळेचा आहे. इक्वलायझर कुठल्या लहरी किती मोठ्या हे बदलतो, त्या किती वेळ रेंगाळतात हे नाही. एका भिंतीवर पुस्तकांचं कपाट आलं तरी हा शेपूट बराच तुटतो.

आणि काहीही विकत घेण्याआधी स्पीकर फिरवून बघा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटीमीटरवर हवा. तोंडं सरळ तुमच्याकडे असतील तर थोडी बाहेर वळवा. ट्वीटरचा १० किलोहर्ट्झच्या वरचा भाग ३० अंश बाजूला स्पष्ट उतरतो. ३ किलोहर्ट्झचा मात्र फारसा उतरत नाही, म्हणून हा उपाय झांजेच्या आणि ‘स’च्या तक्रारीवर चालतो, पेटीच्या तक्रारीवर कमी.

प्रश्न : वडिलांच्या काळचा दहा पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर घरात आहे. दुकानदार म्हणाला, अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये जोडा. जोडू का? स्लायडर हलवले की खरखर होते. (नागपूर)

उत्तर : अजिबात जोडू नका. ते यंत्र लाइन पातळीचं आहे, त्याला व्होल्टच्या आसपासचा सिग्नल लागतो. स्पीकरच्या तारांवर त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज आणि अँपियरमध्ये करंट असतो. इक्वलायझर जळेलच, अँप्लिफायरही शॉर्ट होऊ शकतो.

जुन्या अँप्लिफायरच्या मागे ‘टेप आउट’ आणि ‘टेप इन’ अशा जोड्या असतात. टेप आउटमधून इक्वलायझरच्या लाइन इनमध्ये, तिथल्या लाइन आउटमधून टेप इनमध्ये, आणि पुढचं ‘टेप मॉनिटर’ बटण दाबायचं. ते बटण दाबायचं राहिलं म्हणून ‘इक्वलायझर चालतच नाही’ असं समजणारे खूप आहेत. टेपची जोडी नसेल तर सीडी प्लेअर किंवा स्ट्रीमर आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये जोडा. प्री-आउट आणि मेन-इन यांच्या मधली जागाही चालते, पण तिथे इक्वलायझर व्हॉल्यूम नॉबच्या पुढे येतो. त्याची स्वतःची ‘सिस्’ अशी सळसळ मग आवाज कितीही लहान केला तरी तेवढीच राहते आणि रात्री जाणवते. टेपच्या वळणात ती व्हॉल्यूमबरोबर कमी होते, म्हणून आमची पसंती त्याच जागेला.

खरखर म्हणजे स्लायडरच्या कार्बनपट्टीवर बसलेली धूळ आणि काजळी. प्लग काढा, झाकण उघडा, प्रत्येक फटीत इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा काँटॅक्ट क्लीनर थोडा मारा आणि स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा. पूर्ण वाळल्यावरच वीज द्या. शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे वापरू नका. त्यावर धूळ आणखी चिकटते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हा क्लीनर सहज मिळतो.

मग सगळे स्लायडर शून्यावर ठेवून बायपासचं बटण दाबा, सोडा. काही फरक पडता कामा नये. फरक पडला, एक बाजू लहान झाली किंवा बास पातळ झाला, तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळले आहेत. ते बदलून घ्या, मगच पुढे जा.

दहा पट्ट्यांत ३१.५ हर्ट्झपासून १६ किलोहर्ट्झपर्यंत एकेक सप्तकाचं अंतर असतं. ४ किलोहर्ट्झचा स्लायडर साधारण २.८ ते ५.७ पर्यंतचा भाग हलवतो. सुरुवातीला ४ किलोहर्ट्झ उणे ३, २ आणि ८ किलोहर्ट्झ उणे दीड, आणि १६ शून्यावर. शेजारचे दोन स्लायडर एकत्र खाली ओढले की मधला खड्डा आकड्यांपेक्षा खोल होतो, त्यामुळे पुढचं कानाने ठरवा. दोन्ही बाजूंचे स्लायडर सारखेच ठेवा. वरच्या पट्ट्यांत डावं-उजवं वेगळं झालं की गाणारा मधोमध राहत नाही.

गुणगुण येऊ लागली तर इक्वलायझर आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा आणि इक्वलायझर टर्नटेबलपासून लांब ठेवा. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ती तुमच्या जिवासाठी आहे.

प्रश्न : दिवसा आवाज ठीक वाटतो. रात्री शेजाऱ्यांसाठी हळू लावला की फक्त टोकदार भाग उरतो. (ठाणे)

उत्तर : रात्री स्पीकर बदलत नाही, तुमच्या कानाची बासकडची संवेदना कमी होते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं : आवाज जितका लहान, तितका खर्ज आपल्याला कमी ऐकू येतो. मधले आणि वरचे स्वर त्या मानाने टिकतात. म्हणून वरून कापू नका, खालून भरा. १५० हर्ट्झच्या खाली लो शेल्फने (खालचं सगळं सारखं हलवणाऱ्या फिल्टरने) ३ ते ४ डेसिबल वाढवा आणि तेवढेच डेसिबल इक्वलायझरच्या प्रीअँपमध्ये, म्हणजे एकूण पातळीत, उणे करा, म्हणजे डिजिटल सिग्नल छतावर आपटून फाटणार नाही. पाच इंची वूफर असेल तर ४५-५० हर्ट्झच्या खालचं अडवणारा हाय-पास फिल्टर लावा, नाहीतर कोन नुसताच आत-बाहेर धावतो. अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’ बटण असेल तर ते याच कामाचं आहे. दिवसा मात्र ते बंद करा, कारण ते बहुधा ट्रेबलही वाढवतं; दिवसभर चालू राहिलेलं लाउडनेस हे ‘स्पीकर टोचतात’ या तक्रारीचं फार सामान्य कारण आहे.

भिंतीपासून लांब, स्टँडवर ठेवलेल्या अरुंद स्पीकरबद्दलही हेच. ११५ भागिले स्पीकरच्या खोक्याची मीटरमधली रुंदी, एवढ्या हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली आवाज खोक्याला वळसा घालून मागे जायला लागतो. २० सेंटीमीटर रुंद खोक्याला हा आकडा ५७५ येतो. क्रॉसओव्हरमध्ये (वूफर आणि ट्वीटर यांत आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) त्याची भरपाई पुरेशी केलेली नसेल तर गळा पातळ लागतो आणि आपण त्याला ‘ट्रेबल जास्त’ म्हणतो. ५०० हर्ट्झच्या खाली दोन डेसिबल वाढवून बघा. पुष्कळदा वरच्या कपातीची गरजच उरत नाही.

प्रश्न : यूमिक-१ हा मोजणीचा माइक आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर घेऊन मोजणी केली. सॉफ्टवेअरला आपोआप फिल्टर काढायला लावले, आलेख २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ सरळ रेषेत आला. आवाज पूर्वीपेक्षा जास्त टोचतो. मोजणीत चूक झाली का? (बंगळुरू)

उत्तर : मोजणी बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. चुकलं ते लक्ष्य. चांगला स्पीकर समोरून, प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत मोजला तर सपाट असतो. तोच स्पीकर घरात ठेवला की बैठकीच्या जागी आलेख डावीकडून उजवीकडे उतरता येतो, कारण खर्ज सगळ्या दिशांना पसरून खोलीत साठतो आणि ट्वीटरचा आवाज पुढच्या बाजूलाच जातो. हार्मन या ऑडिओ कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी वर्षानुवर्षं श्रोत्यांना झाकलेले स्पीकर ऐकवून जे काम केलं, त्यातूनही हाच उतार लोकांना आवडतो असं दिसलं. उतार साधारण एका सप्तकाला एक डेसिबल, म्हणजे पूर्ण पट्ट्यात आठ ते दहा डेसिबल धरा. तुम्ही तो उतार सरळ करून घेतलात, याचा अर्थ वरच्या टोकाला कित्येक डेसिबल वाढवून दिले.

पुन्हा असं करा. जुने फिल्टर पुसून टाका. माइकचं कॅलिब्रेशन त्याच्या सिरियल नंबरची फाइल उतरवून लावा. माइक स्पीकरकडे रोखलेला असेल तर शून्य अंशाची, छताकडे असेल तर ९० अंशांची. या दोन फायलींत वरच्या टोकाला काही डेसिबलचा फरक असतो, आणि त्यांची अदलाबदल हे ब्राइटनेसच्या चुकीच्या निदानाचं नेहमीचं कारण आहे. एकाच जागी घेतलेला स्वीप (खालून वरपर्यंत सरकणाऱ्या सुराची मोजणी) १ किलोहर्ट्झच्या वर विश्वासाचा नाही. माइक दहा सेंटीमीटर सरकवला तरी खाचा-शिखरं बदलतात. त्याऐवजी पिंक पिरिऑडिक नॉइज (सॉफ्टवेअरमधला सळसळाटासारखा चाचणीचा आवाज) लावा, आरटीए (चालू आवाजाचा आलेख) उघडा, सरासरी चालू करा आणि डोकं जिथे असतं त्याच्या भोवती अर्ध्या मीटरच्या परिसरात माइक मिनिटभर सावकाश फिरवा. डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा मोजा.

आपोआप फिल्टर काढायची वरची मर्यादा ३०० ते ५०० हर्ट्झवर आणून ठेवा. १३० चौरस फुटांच्या नेहमीच्या खोलीत साधारण २४० हर्ट्झच्या खाली खोलीचे स्वतःचे अनुनाद राज्य करतात. तिथली शिखरं कापणं हे या सॉफ्टवेअरचं खरं काम. खड्डे भरायला जाऊ नका. परावर्तित लाट मूळ लाटेला खोडते तिथे खड्डा पडतो. १० डेसिबल भरायचे तर अँप्लिफायरकडून दहापट वॅट मागावे लागतात, आणि खोडणारी लाटही तेवढीच मोठी होत असल्याने खड्डा जागेवरच राहतो. ५०० हर्ट्झच्या वर फक्त एखाद-दोन रुंद, उथळ फिल्टर हाताने लावा, दोन्ही बाजूंना तेच.

यातून न सुटणारी एक गोष्ट आहे. २.१ किलोहर्ट्झची लहर साधारण १६ सेंटीमीटर लांब असते, म्हणजे साडेसहा इंची वूफरच्या व्यासाएवढी. त्याच्या वर वूफरचा आवाज पुढे झोत टाकल्यासारखा अरुंद होतो. क्रॉसओव्हर ३ किलोहर्ट्झला असेल तर तिथे अचानक ट्वीटर सुरू होतो आणि तो मात्र चौफेर पसरतो. समोर मोजलं तर आलेख सपाट, पण बाजूच्या भिंतींवर ३-४ किलोहर्ट्झचा मारा जास्त होतो आणि तो परतून कानावर येतो. इक्वलायझरने ३.५ किलोहर्ट्झ कापलं तर भिंतीवरचं कमी होतं, पण थेट येणारं नको तेवढं कमी होतं आणि गळा मागे सरकल्यासारखा लागतो. हे ओळखायची खूण सोपी आहे : स्पीकरच्या अगदी जवळ, चार-पाच फुटांवर बसून ऐकलं की टोचणं जातं, नेहमीच्या जागी परत आलं की येतं. अशा वेळी बाजूच्या भिंतींवर जिथे पहिलं परावर्तन होतं तिथे दहा सेंटीमीटर जाडीचे शोषक पॅनेल लावा आणि इक्वलायझरमध्ये दीड डेसिबलवर समाधान माना.

प्रश्न : स्ट्रीमिंग गोड लागतं, फक्त रेकॉर्ड वाजवली की वरचा भाग चमकतो. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई आहे. इक्वलायझर कितीवर ठेवू? (नाशिक)

उत्तर : तक्रार एकाच स्रोताची असेल तर इक्वलायझर बाजूला ठेवा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या आतली कॉइल आणि पुढच्या वायरीतली कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो. तुमच्या कार्ट्रिजचं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आणि शिफारस १०० ते २०० पिकोफॅरडची. दीड मीटर केबलचे १५० च्या आसपास, टोनआर्मच्या वायरीचे तीसेक आणि फोनो इनपुटचे २२० धरले तर बेरीज ४०० ला पोचते. त्याने अनुनाद १०.७ किलोहर्ट्झवर, भर ऐकू येणाऱ्या भागात येतो. बेरीज २०० वर आणली की तो १५.२ किलोहर्ट्झवर जातो आणि चमक ओसरते. केबल अर्ध्या-पाऊण मीटरची, कमी कपॅसिटन्सची घ्या. फोनो प्रीअँपला खाली डिप स्विच असतील तर सर्वांत कमी आकड्यावर ठेवा.

सुईचं वजन २ ग्रॅम आहे ना ते छोट्या काट्यावर तपासा. ‘स’ फक्त रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यांत फुटत असेल तर तो कार्ट्रिजच्या जुळणीचा किंवा झिजलेल्या सुईचा दोष आहे. तिथे आवाज फाटलेला असतो, नुसता मोठा नाही. इक्वलायझर फाटलेला आवाज लहान करेल, शिवणार नाही.

प्रश्न : स्ट्रीमर, टेप, टीव्ही सगळ्यांनाच टोचतो, आणि घरात डिजिटल इक्वलायझर नको आहे. ट्वीटरला रेझिस्टर लावून भागेल का? कितीचा? (इचलकरंजी)

उत्तर : भागेल, जर पूर्ण ट्वीटरच मोठा असेल तर. रेझिस्टर क्रॉसओव्हरच्या वरचा सगळा भाग सारखा खाली आणतो. ३ किलोहर्ट्झवरचा एखादा उंचवटा तो काढू शकत नाही. म्हणून आधी कुणाचा लॅपटॉप आणून इक्वलायझरमध्ये क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीला हाय शेल्फ उणे दोन लावा आणि काही आठवडे तसंच ऐका. पटलं तर सोल्डरिंग आयर्न हातात घ्या. स्पीकर वॉरंटीत असेल तर थांबा.

नुसता एक रेझिस्टर सिरीजमध्ये टाकू नका. ८ ओहमच्या ट्वीटरला २.२ जोडला की क्रॉसओव्हरला १०.२ ओहम दिसतात आणि छेद सरकतो. दोन रेझिस्टर लागतात : एक क्रॉसओव्हरच्या आउटपुटपासून ट्वीटरच्या अधिक टोकाकडे सिरीजमध्ये, दुसरा ट्वीटरच्या दोन टोकांवर आडवा. ८ ओहमसाठी १.८ आणि ३३ ओहम घेतले तर साधारण २ डेसिबल कमी होतात, २.२ आणि २२ घेतले तर २.८. दोन्ही वेळा क्रॉसओव्हरला ८ च्या आसपासच दिसतात. ४ ओहमच्या ट्वीटरला रेझिस्टरच्या ओहमचे आकडे निम्मे करा. १० वॅटचे सिमेंट रेझिस्टर पुरतात. ते कापसाला किंवा फोमला टेकू देऊ नका, मोठ्या आवाजात चांगले तापतात. वायरी काढण्याआधी अधिक टोकावर खूण करा. एका बाजूची उलटी लागली तर क्रॉसओव्हरच्या जागी आवाजात खड्डा पडतो आणि दोन स्पीकर एकमेकांशी जुळेनासे होतात.

प्रश्न : मोबाइलवरूनच ऐकतो. फोनच्या इक्वलायझरमध्ये पाचच पट्ट्या आहेत. (लातूर)

उत्तर : अँड्रॉइडच्या नेहमीच्या पाच पट्ट्या म्हणजे ६०, २३०, ९१० हर्ट्झ, ३.६ आणि १४ किलोहर्ट्झ. पेटी आणि गळा टोचत असेल तर ३.६ दोन-तीन डेसिबल खाली घ्या, १४ ला हात लावू नका. स्पॉटिफायच्या सहा पट्ट्यांत २.४ नंतर एकदम १५ किलोहर्ट्झ येतं. ‘स’चा भाग मधल्या मोकळ्या जागेत पडतो, त्यामुळे त्या तक्रारीला तिथे धड उपाय नाही. पॉवरअँपच्या इक्वलायझरमध्ये पॅरामेट्रिक सोय आहे, ती वापरा. फोन, ब्लूटूथ स्पीकरचं स्वतःचं ॲप आणि अँप्लिफायर या तिन्हींत एकाच वेळी कपात चालू नाही ना, एवढं पाहा. लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ लावूनही काहीच बदलत नसेल तर प्लेअर बहुधा एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये किंवा एएसआयओ ड्रायव्हरवर चालू आहे. तो मार्ग एपीओला वगळून जातो.

प्रश्न : मला आवाज ठीक लागतो, ७२ वर्षांच्या वडिलांना तोच टोचतो. त्यांना तर कमी ऐकू येतं. (रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही एकाच वेळी खरं असतं. वयाबरोबर वरच्या लहरींचं लहान आवाजातलं ऐकणं जातं, पण ठरावीक पातळीच्या वर तोच आवाज त्यांना एकदम मोठा वाटतो. शब्द कळावेत म्हणून व्हॉल्यूम वाढवला जातो आणि मग ‘स’, ‘च’ कानात घुसतात. वरचा भाग सरसकट कापला तर शब्द आणखी पुसट होतील. त्यांची खुर्ची स्पीकरपासून पाच-सहा फुटांवर आणा, व्हॉल्यूम खाली घ्या, ३०० हर्ट्झच्या खाली दोन डेसिबल कमी करा म्हणजे शब्द मोकळे होतील, आणि ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये एक-दीड डेसिबलच काढा. ऑडिओग्राम करून घ्या. मुंबईला येणं होत असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही तपासणी होते. एकाच कानाचं ऐकणं अचानक कमी झालं असेल किंवा कानात सतत शिट्टी सुरू झाली असेल तर स्पीकरचं राहू द्या आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.